दोन चौक्यांच्या दोन वह्या

आमच्या समोरच्या ताई कामावरून परतल्या की तिन्ही मजल्यांना बातमी लागते. पहिल्या मजल्यापर्यंत त्या आपल्या साहेबावर बोलतात, दुसऱ्यापर्यंत कागदांवर, आणि तिसऱ्यावर, म्हणजे आमच्या दाराशी पोचेपर्यंत विषय पोरांवर आलेला असतो. ऐकायला कुणी लागतं असं नाही, जिना त्यांना पुरतो. शिवाय मी असतो, कारण त्या वेळेला मी दार उघडं टाकून बसतो. बायको म्हणते, शोभत नाही. मी म्हणतो, हवा येते.

इमारतीत त्यांना चौकशीताई म्हणतात. हे नाव मी ठेवलं, पण अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही. अल्पवयीन पोरांच्या कोर्टात त्या अठ्ठावीस वर्षं एकच काम करताहेत. पोलिसांनी एखाद्या पोराला आणून उभं केलं की न्यायाधीशबाई निकालाच्या आधी ताईंना सांगतात, बघून या. मग ताई त्याच्या घरी जातात, शाळेत जातात, शेजारीपाजारी विचारतात आणि पंधरा दिवसांत अहवाल देतात: पोराला घरी ठेवून सुधारता येईल, की सुधारगृहात पाठवावं. सुधारगृह इथून दिवसभराच्या प्रवासावर आहे. तिथून परत आलेली पोरं ताईंना बाजारात दिसली की अगदी सरळ उभी राहून नमस्कार करतात, आणि त्याचीच ताईंना धास्ती वाटते.

त्यांच्या कामाच्या दोन रीती आहेत. कुठल्याही घरात गेल्या की आधी पाणी मागायचं. ज्याच्या घरचं पाणी प्यालो तो आपल्याला लगेच हाकलत नाही, हा त्यांचा अनुभव. दिवसात सात घरं झाली की आठव्या घरी त्यांना पाण्याआधी दुसरंच काही विचारावं लागतं, पण रीत मोडत नाहीत. दुसरी रीत म्हणजे, "पोरगा झोपतो कुठं ते दाखवा." बाकी सगळं लोक झाकतात, सजवतात, उसनं आणतात. झोपायची जागा बघितली की निम्मा अहवाल तयार, असं त्या म्हणतात.

पोरांची नावं त्या कधी सांगत नाहीत. कायद्यानं बंदी आहे. पण बोलल्याशिवाय तर राहवत नाही, म्हणून टोपणनावं ठेवतात. मध्यंतरी जिन्यात ज्याच्यावर पाऊण तास व्याख्यान झालं तो पंक्चर. वय पंधरा, शाळा सुटल्यावर मामाच्या दुकानात सायकलींची पंक्चरं काढतो, आणि दुसऱ्याची सायकल उचलताना पकडला गेला.

"दुकानात दिवसभर सायकलीच बघतो ना तो," ताई दारात टेकून म्हणाल्या, "मग उचलायची कशाला? आणि उचलली ती घंटा वाजणारी. भाऊ, चोर तरी नीट असावं की नाही माणसानं?"

पंक्चर हा पलीकडचा. हे सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आमच्या गावात अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन प्रकार. पलीकडचे म्हणजे ज्यांचे आजेपणजे सीमेपलीकडून कामाला आले ते. घरात त्यांची वेगळी भाषा, आडनावं आपल्याला लिहिता येत नाहीत अशी, वस्ती कालव्याच्या उताराला. तीन पिढ्या अलीकडे राहून लोक अजून पलीकडचेच आहेत. कोर्टाच्या कागदावर 'मूळ' नावाचा एक रकाना आहे, त्यात ताईंना एक किंवा दोन असा आकडा घालावा लागतो. एक म्हणजे आपण, दोन म्हणजे ते.

अठ्ठावीस वर्षं हा आकडा कुणी वाचला नव्हता. मग नवे साहेब आले. वय बत्तीस, हातात सदैव फूटपट्टी. त्यांनी सगळे आकडे मोजले, रंगीत तक्ता काढला आणि तो ताईंच्याच टेबलासमोर लावला. गावात पलीकडचे पाचात एक, आणि पकडलेल्या पोरांत दहात नऊ. पलीकडच्या पोरांच्या नावावर चोऱ्या आणि भटकणं, अलीकडच्यांच्या नावावर जवळजवळ काहीच नाही. तक्त्याखाली साहेबांनी लाल अक्षरात लिहिलं: 'कल स्पष्ट आहे.'

"स्पष्ट आहे म्हणे," ताई म्हणाल्या. "मला चष्मा लावून चाळीस मिनिटं लागतात एका पोराच्या मनातलं कळायला, आणि याला भिंतीवर दिसतं."

पण ताईंची गंमत ही, की दुसऱ्या बाजूवरही त्या तेवढ्याच उखडतात. महाविद्यालयातून एक व्याख्याते अभ्यासाला आले होते. ते म्हणाले, हा सगळा पोलिसांचा बनाव आहे, ही पोरं निष्पाप आहेत. ताई त्यांच्यावर अशा तापल्या की बिचाऱ्यानं वही मिटली. "निष्पाप कुठला? सायकल त्यानं उचलली. माझ्यासमोर कबूल केलं, वर सांगितलं की ब्रेक चांगले होते. सायकल काय वाऱ्यानं आली का दुकानात?" साहेब म्हणतात जात्याच तशी, व्याख्याते म्हणतात मुळात नाहीच, आणि पोरगा कसा आहे ते बघायला उतारावर चढउतार करतात ताई, ज्यांचा डावा गुडघा गेली दोन वर्षं संपावर आहे.

साहेबांनी आणखी एक काम केलं. दहा प्रश्नांचं एक गुणपत्रक काढलं. इथं गुण जास्त मिळाले की पोरगा नापास: दहाच्या वर गेला की सुधारगृह. घरात वडील नाहीत, दोन गुण. एका खोलीत चारांहून जास्त माणसं, एक गुण. चोरी, दोन गुण. झाले पाच. आणि पोलीस चौकीच्या वहीत आधीची नोंद असेल तर प्रत्येक नोंदीला दोन. पंक्चरच्या चार नोंदी होत्या. पाच आणि आठ तेरा.

"चार नोंदी कसल्या, विचारा," ताई म्हणाल्या.

"कसल्या?"

"एक, सायकलला दिवा नव्हता. दोन, बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. तीन, पुन्हा त्याच पायरीवर बसला होता. चार, संशयास्पद वावर. म्हणजे काय, विचारलं मी त्या चौकीत. तर म्हणे, पायरीजवळ उभा होता."

"बसला तरी पंचाईत, उठला तरी पंचाईत."

"हसू नका भाऊ. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. त्या तेरावर बाईंनी बोट ठेवलं की पोरगा गेला. आणि हा गेला तर दुकानही जाईल, शाळाही जाईल, आणि दोन वर्षांनी मला बाजारात सरळ उभा राहून नमस्कार करेल."

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या चौकीत गेल्या. आपली म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे ती, जिथले हवालदार सगळ्यांना घरच्या नावानं हाक मारतात. त्यांनी पोरांची नोंदवही मागितली. पलीकडच्या चौकीची वही एवढी जाड, की तिला सुतळी बांधावी लागते. आपल्या चौकीची वही पातळ. दोन वर्षांत दोन नोंदी. त्यातली एक पलीकडच्या पोराची, जो इस्त्रीचे कपडे पोचवायला आला होता आणि चुकून दुसऱ्या जिन्यानं चढला.

त्या संध्याकाळी ताई पहिल्यांदाच न बोलता जिना चढल्या. मी दारातच होतो. सरळ आत आल्या, खुर्ची ओढली, वही काढली.

"भाऊ, दोन वर्षांत आपल्या गल्लीतल्या पोरांनी काय काय उद्योग केले, सांगा."

"मला काय माहीत?"

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. मग काय, अब्रूचा प्रश्न. मी सुरू झालो. डॉक्टरांच्या मुलानं काकांची मोटारसायकल न विचारता नेऊन भिंतीला टेकवली, जरा जोरात. तळमजल्यावरच्या शिंपिणबाईंचे जुळे शाळेची प्रयोगशाळा खिशात घालून घरी आले. बँकेतल्या बाईंचा धाकटा दुकानातून उचलायचा, दुकानदार शनिवारी आईला सांगायचा. वकिलांच्या पोरानं आणि आणखी तिघांनी मिळून एकाचं नाक फोडलं, ते नाक सरळ करायला पहिलेच डॉक्टर लागले. सांगताना मला रंग चढला. एवढं मन लावून कुणी माझी वाणी लिहून घेतल्याचं आठवत नाही.

"सतरा," ताई म्हणाल्या. "अठरावं?"

"अठरावं नाही."

"वहिनी," ताईंनी आत हाक मारली, "ग्रंथालयापुढची सायकल कुणी नेली होती हो?"

बायको दारात आली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून म्हणाली, "आमच्याच चिरंजीवांनी. दोन मित्रांबरोबर. दुपारभर फिरवली, मग परत ठेवायची भीती वाटली म्हणून कालव्यात ढकलली."

"मग?"

"मग हवालदार घेऊन आले. खांद्यावर हात ठेवून. चहा घेतला आणि म्हणाले, वय आहे."

"लिहिलं काही?"

"कशावर लिहिणार? हातात कप होता."

ताईंनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पंधराच वर्षांचा तुमचा. सायकल ती सायकल. मला एका कागदावर लिहून द्या, भाऊ. काय झालं, कुणी आणून सोडलं, नोंद झाली की नाही. खाली सही. बाकी सतरा कानगोष्टी आहेत, त्या कोर्टात चालत नाहीत. हे एक घरचं आहे."

आता मला सांगा, हे मागणं झालं का? मी ऐकीव गोष्टींचा माणूस. लोकांचं सांगायला लाजत नाही, स्वतःचं सही करून द्यायचं म्हटल्यावर मात्र मागं सरलो. पोराचं नाव कोर्टात जाणार. म्हटलं, बघतो. ताई म्हणाल्या, बघा, आणि गेल्या.

त्यांनी त्या आठवड्यात इमारतीत सगळ्यांना विचारून पाहिलं. डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. वकिलांनी त्यांना बदनामीचं कलम वाचून दाखवलं. शिंपिणबाई जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमच्या की त्यांच्या?"

"मी कोर्टाची," ताई म्हणाल्या. "आणि तुमच्या जुळ्यांनी नेलेलं भिंग अजून परत आलेलं नाही, तेवढं द्या."

तेव्हापासून शिंपिणबाईंनी ताईंचा दुरुस्तीला दिलेला ब्लाउज अर्धा उसवलेला तसाच ठेवला.

मंगळवारी ताईंना पंक्चरच्या घरी शेवटची फेरी मारायची होती. गुडघा फारच कुरकुरत होता, म्हणून पिशवी घेऊन मी बरोबर गेलो. नियमात बसत नाही, तेव्हा तुम्ही बाहेरच थांबा, असं त्यांनी बजावलं. मी बाहेर थांबलो. उभं राहून पाय भरून आले तेव्हा शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो. तिथं दोन पोरं आधीच बसलेली होती. एकाच्या हातात भूगोलाचं पुस्तक, दुसरा त्याला राजधान्या विचारत होता. मला जागा द्यायला ते सरकले. दुपारचे चार वाजले असतील.

तेवढ्यात चौकीतला शिपाई आला. आमच्यासमोर थांबला. खिशातून छोटी वही काढली, पोरांना नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, वेळ लिहिली. पोरांनीही सवयीनं सांगितलं, आडनावाची अक्षरंसुद्धा सुटी करून. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, कुणाची वाट बघताय का?"

मी म्हटलं, "हो. पण यांनी काय केलं?"

"काही नाही, साहेब."

"मग लिहिलंत ते?"

"नोंद असलेली बरी," तो म्हणाला आणि वही खिशात टाकून पुढं गेला.

एकाच पायरीवर आम्ही तिघं बसलेलो. दोघं वहीत, आणि मी साहेब. मला आधी हसू आलं, मग संताप, मग कुणावर ते कळेना. पोरगा पुस्तक उघडून पुन्हा राजधानी आठवायला लागला.

आतून पंक्चरची आजी आली. बारीक बाई, आवाज मोठा. "बाहेर का बसला? आत या. तुमच्या बाई पाणी पिऊन पिऊन आमचा माठ संपवणार." आत एक खोली, तिच्यात पाच माणसं. पंक्चरची आई रुग्णालयाच्या धुलाईत कामाला असते. तिच्या कामाच्या गाठोड्यांमागे एक फळी, त्या फळीवर पोरगा झोपतो. उशाला शाळेची वही आणि एक पाना. ताई ते बघून लिहीत होत्या. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, मानेपर्यंत लाल.

आजीला ताईंनी माझी गोष्ट सांगितलेली असावी. कारण ती मला म्हणाली, "तुमच्या पोरानं पण सायकल नेली म्हणे."

"हो."

"मिळाली का मालकाला?"

"नाही. कालव्यात आहे."

"आमच्यानं नेलेली मिळाली," आजी म्हणाली. "आमचा जरा बरा मग."

घरी येऊन मी कागद लिहिला. चार वेळा लिहिला, कारण पहिल्या तिन्हीत मी पोराच्या वयावर आणि सोबतीवर फार लिहिलं होतं, आणि ताईंनी ते सगळं खोडलं. "हे पलीकडच्या कुणी लिहून दिलं तर मी ऐकते का? काय झालं तेवढं लिहा." चिरंजीवांना दाखवला. ते वाचून म्हणाले, "बाबा, प्रयोगशाळेची खिडकी राहिली." ती, विनापरवाना चालवलेली स्कूटर, पाण्याच्या टाकीवर चढणं, आणि शाळेच्या भिंतीवर हेडसरांचं काढलेलं चित्र, अशा चार गोष्टी मला त्या दिवशी मिळाल्या. आणि मी स्वतःला गावाचं वर्तमानपत्र समजत होतो.

गुरुवारी कोर्टात एका बाकावर आजी, पंक्चर आणि मी. आम्हाला आत बोलावलं तेव्हा साहेब फूटपट्टी घेऊन हजर. ताईंनी अहवाल दिला, माझा कागद दिला, आणि त्याला जोडून आणखी एक पान. त्यावर साहेबांचंच गुणपत्रक होतं, आमच्या चिरंजीवांच्या नावानं भरलेलं, जणू ते पलीकडच्या चौकीच्या हद्दीत राहतात. चोरीचे दोन, चार नोंदींचे आठ, शाळा बुडवल्याचा एक. अकरा.

न्यायाधीशबाईंनी ते दोनदा वाचलं. "हा मुलगा आता कुठं आहे?"

"शाळेत," मी म्हणालो. "म्हणजे असावा."

"याची नोंद नाही?"

"नाही."

साहेब म्हणाले, "पण मॅडम, गुणपत्रकात अशा तुलनेला रकाना नाही."

"म्हणूनच मी बसले आहे इथं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी जाड वहीतल्या त्या चार नोंदी एकेक वाचायला लावल्या. पायरीवर बसणे, असं शिरस्तेदारानं खणखणीत आवाजात वाचलं, तेव्हा त्यालाच ऐकवेना. ज्यात तक्रारदार नाही ती नोंद या प्रकरणात धरायची नाही, एवढंच त्या बोलल्या. तेरातून आठ गेले. पाच उरले. चोरी मात्र चोरीच. पंक्चरनं घरी राहायचं, शाळा चालू, आणि वर्षभर दर शनिवारी नऊ वाजता ताईंसमोर हजेरी. एक जरी चूक नोंदली गेली तरी प्रकरण पुन्हा कोर्टासमोर. आणि मला म्हणाल्या, "सायकल कुणाची होती?"

"ग्रंथालयातल्या सरांची."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा."

तेही केलं. चिरंजीव आता पायी शाळेत जातात आणि सर चिरंजीवांच्या सायकलवरून ग्रंथालयात. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, इमारत अजून बोलत नाही. वकील मला बघून जिन्यात घसा साफ करतात. साहेबांनी भिंतीवरचा तक्ता काढला नाही, पण फर्मान काढलं: यापुढं प्रत्येक अहवालाला तुलनेचं पान जोडावं. म्हणजे ताईंचं काम दुप्पट. पलीकडच्या चौकीची वही आहे तेवढीच जाड आहे. ताई म्हणतात, एक पोरगा काढला मी तिच्यातून, ती काय लगेच बारीक होणार आहे?

पहिल्या शनिवारी मी मुद्दाम ताईंचा डबा द्यायला म्हणून त्यांच्या कार्यालयात गेलो. डबा ताईंचे यजमान देणार होते, मीच मागून घेतला. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. ताई पेन घेऊन हजेरीपत्रकासमोर बसलेल्या, कपाळावर आठ्या. समोरच्या टेबलावर साहेब. नऊ वीसला पंक्चर धापा टाकत दारात आला, हात कोपरापर्यंत काळे.

"किती वाजले?"

"नऊ वीस, बाई."

"तुला वाचता येतं की नाही? कागदावर नऊ लिहिलंय. तुझ्यासाठी अख्ख्या इमारतीचं बोलणं खाल्लं मी. तुझ्यासाठी हे भाऊ इथं तोंड वर करून बसलेत. आणि तू वीस मिनिटं उशिरा?"

"मामानं सोडलं नाही. एकाचा टायर–"

"टायर गेला खड्ड्यात."

हजेरीपत्रकात दोन रकाने आहेत, 'वेळेवर' आणि 'उशिरा'. उशिरा लिहिलं की झाली नोंद. ताईंचं पेन त्या दोहोंच्या मध्ये थांबलं. साहेब फूटपट्टी पुसत बघत होते. मी छताकडे पाहिलं, या बाबतीत माझी सवय चांगली आहे.

"अठ्ठावीस वर्षांत एकदाही खोटं लिहिलेलं नाही," ताई पुटपुटल्या, कुणाला ते कळलं नाही. मग पंक्चरला म्हणाल्या, "हात धू आणि बस तिथं. वीस मिनिटं उशिरा आलास ना, वीस मिनिटं जास्त बसायचं. भूगोल काढ."

तो हात धुवायला गेला. ताईंनी वेळेवरच्या रकान्यात बारीक अक्षरात 'हजर' लिहिलं, इतकं चिडून की कागद फाटला.